परक्या देशातला मुक्काम आणि आपल्या घरातले कागद



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला बाजारात थांबवून विचारलं, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञान शिकवायचात. व्हिसा-पासपोर्टचं व्याख्यान तुमच्याकडे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही एजंट नाही, वकील नाही. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. पण गेल्या काही वर्षांत या दोन्ही विषयांचा खरा अभ्यास झाला असेल, तर तो आमच्या घरच्या कपाटातल्या एका फायलीमुळे. मुलगी अमेरिकेत आहे. तिचे फोन येतात त्यातले निम्मे तब्येतीचे आणि निम्मे "बाबा, तो दाखला कुठे ठेवलाय बघा ना" असे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी हेच चालतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज या कागदांबद्दल बोलू. कोणता कागद कशासाठी हेही सांगू, आणि मुळात माणसाला कागद का लागतो हेही बघू. दुसरा प्रश्न आमचा, पहिला तुमचा.

सुरुवात आपल्या स्टेशनापासून. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. बाहेरगावचे लोक येऊन त्या बाकड्यावर बसून फोटो काढतात, आपण तिकडे ढुंकूनही बघत नाही. चार भाषांत घोषणा होतात, त्याही आपल्या कानाला सवयीच्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या : स्टेशन आधीचं आहे, रेषा नंतरची. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि रेषा फलाटावरून गेली. माणसं जिथे होती तिथेच होती. रेषा त्यांच्यामधून चालत गेली.

ही रेषा ओलांडायला तिकीट लागतं, परवाना लागत नाही. मग तिचा त्रास कुणालाच नाही असं म्हणायचं का? तसं नाही. पलीकडे उच्छल तालुका आहे. तिकडे ज्यांना गामित म्हणतात त्यांना इकडे आपण गावित म्हणतो. सोयरिकी आहेत, बोली एक आहे. अनुसूचित जमातींच्या दोन्ही राज्यांच्या याद्या काढून बघा. गामित, गामटा, गावित, मावची, पाडवी ही नावं दोन्हीकडे एकाच ओळीत आहेत. तरी उच्छलचा एखादा बाप अलीकडे कामासाठी नवापूरला येऊन राहिला, तर त्याच्या मुलाला महाराष्ट्राच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. जमातीचा दर्जा मूळ राज्यापुरता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या निकालात स्पष्ट केलं. इकडे जातीचा दाखला मागायला गेलं की ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास दाखवा म्हणतात. म्हणजे चार पावलांवरच्या गावाहून आलेला माणूस एका विशिष्ट कामापुरता परका ठरतो. परकेपण माणसाच्या अंगात नसतं, ते कामागणिक बदलतं. तिकिटाच्या खिडकीशी तो आपला, दाखल्याच्या खिडकीशी बाहेरचा. अमेरिकेत काय किंवा आखातात काय, आपल्या मुलांचं नेमकं हेच होतं, फक्त खिडक्या जास्त.

आता थोडं मागे जाऊ. पासपोर्ट ही गोष्ट फार जुनी आहे असा आपला समज असतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, कारण तसली चीजच नव्हती. त्यांना अडवलं ते पैशाने आणि समाजाने. अमेरिकन सरकारने अडवलं नाही. (मात्र आदल्याच वर्षी, १८८२ ला, त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. दार उघडं होतं, पण सगळ्यांना नव्हतं.) पहिलं महायुद्ध आलं, हेरांची भीती आली, आणि तात्पुरती म्हणून आणलेली तपासणी कायमची झाली. १९२० ला पॅरिसमध्ये परिषद भरली, पासपोर्टाची वही कशी असावी हे ठरलं, आणि त्याच साली आपल्याकडे ब्रिटिश सरकारने भारतात प्रवेशासाठी पासपोर्टाचा कायदा केला. म्हणजे या वहीचं वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं. आमच्या आजोबांच्या जन्माच्या वेळी ती नव्हती.

त्याआधी सव्वाशे वर्षं, १७९५ ला, कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. कान्ट स्वतः आपल्या गावाबाहेर फारसा गेला नाही, तरी परक्याच्या हक्काबद्दल त्याने जे मांडलं त्यावर आजही वाद चालतो. त्याचं म्हणणं असं : पृथ्वी गोल आहे, म्हणून माणसं एकमेकांपासून कायम दूर दूर जाऊ शकत नाहीत, कधीतरी एकमेकांच्या दारात येणारच. दारात आलेल्याला शत्रूसारखं वागवू नये, हा त्याचा हक्क. पण हा हक्क भेटीचा, मुक्कामाचा नाही. मुक्कामासाठी वेगळा करार लागतो. आणि परत पाठवायचं तर असं पाठवता येणार नाही की त्यात त्याचा नाश होईल.

भेट वेगळी, मुक्काम वेगळा. हा फरक मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच. आईवडील विचारतात, "व्हिसा संपला म्हणे, मग तू तिथे राहतोस कसा?" मुलगा म्हणतो, "बाबा, स्टेटस आहे." आपल्याला वाटतं काहीतरी लपवतोय. तो लपवत नसतो. अमेरिकेपुरतं सांगतो, कारण ते आम्ही जवळून पाहिलं. पासपोर्टावर जो व्हिसाचा शिक्का असतो तो दाराचा. त्याच्यावर दारापर्यंत जाता येतं आणि आत घ्या म्हणता येतं. आत गेल्यावर किती दिवस राहायचं, काय काम करायचं, हे दुसरा कागद ठरवतो. विमानतळावर मिळणारी आय-९४ ची नोंद, किंवा आत असताना मुदत वाढवली तर आय-७९७ नावाचं पत्र. शिक्का संपला तरी मुक्काम चालू राहू शकतो. फक्त एकदा देशाबाहेर पडलं की परत दाराशी उभं राहावं लागतं, आणि दारावर नवा शिक्का लागतो. तो शिक्का मिळायचा तर बाहेरच्या एखाद्या अमेरिकन वकिलातीत तारीख घ्या, मुलाखत द्या.

यात एक बारीक खोच आहे, ती मुलांना आजच सांगा. पासपोर्टाची मुदत आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी बहुधा तेवढ्याच तारखेपर्यंत मुक्काम देतो, व्हिसा तीन वर्षांचा का असेना. पोरं घाईत ती नोंद वाचत नाहीत. नव्या पासपोर्टाचा अर्ज वेळेत केला, पासपोर्ट आला, सगळे खूश, आणि मुक्काम कधीच संपून गेलेला.

मुक्कामाची ही तारीख मग सगळ्या घरभर फिरते. गाडीचा परवाना बहुतेक ठिकाणी त्याच तारखेला संपतो. परवाना संपला की कामावर जाता येत नाही, कारण तिथे बहुतेक गावांतून एसटी नाही, रिक्षा नाही. घर बदललं तर दहा दिवसांत सरकारला पत्ता कळवावा लागतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत, तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर मुक्कामाचा प्रकार बदला, नाहीतर चंबूगबाळं आवरा. साठ दिवसांत घराचा करार, मुलांची शाळा, गाडी, सामान! आपल्याकडे भाडेकरूला सुद्धा यापेक्षा जास्त वेळ मिळतो. एच-१बी वर गेलेल्याची बायको कितीही शिकलेली असली तरी २०१५ पर्यंत तिला काम करायची परवानगीच नव्हती. नंतर मिळाली तीही सगळ्यांना नाही, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत आलंय त्यांनाच.

आणि ग्रीनकार्डाची रांग. नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला साधारण सात टक्के वाटा. देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा. आमची मुलगी २०१३ साली या रांगेत उभी राहिली. अजून उभी आहे. लक्षात घ्या, ही रांग नागरिकत्वावर नाही, जन्मस्थळावर आहे. तुम्ही मधे कॅनडाचे नागरिक झालात तरी रांगेत तुम्ही भारतातलेच. माणसाने काय केलं यापेक्षा तो कुठे जन्मला याला किंमत, हे तत्त्व आपल्याला या देशात नवीन नाही. तिकडे गेल्यावर ते पुन्हा भेटतं एवढंच.

इथे एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. सखाराम गणेश पंडित. हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला गेले, १९१४ ला तिथले नागरिक झाले, लॉस एंजेलिसला वकिली करू लागले. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व मिळवायला भारतीयाला 'गोरा' ठरावं लागे, आणि काही न्यायाधीश आपल्या लोकांना त्यात धरत, काही धरत नसत. १९२३ ला भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात थिंड यांचे वकील हेच पंडित. खटला हरले. भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल लागला. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि खुद्द पंडितांवरच दावा लावला.

त्यांनी काय युक्तिवाद केला बघा. आपण गोरे आहोत की नाही या वादात ते अडकून पडले नाहीत. त्यांनी सांगितलं की तुम्ही मला कागद दिलात, त्या कागदावर विसंबून मी इथे लग्न केलं, घर घेतलं, वकिलीचा धंदा उभा केला, मायदेशीच्या वारशावर पाणी सोडलं. आता तोच कागद चुकीने दिला होता म्हणता? हा खटला ते जिंकले. १९२६ ला अपील न्यायालयात, आणि १९२७ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. पण सगळे पंडितांसारखे वकील नव्हते. वैष्णोदास बगाई नावाच्या व्यापाऱ्याचं नागरिकत्व गेलं, घर गेलं, भारतात परतायला ब्रिटिश पासपोर्ट घ्यायची वेळ आली, आणि १९२८ ला त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना तिथे नागरिक होण्याचा हक्क १९४६ ला मिळाला, येण्याचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा.

पंडितांचा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. सरकार कागद देतं तेव्हा ते नुसती परवानगी देत नाही, माणूस त्यावर आयुष्य बांधतो. भाड्याच्या जागेवर बांधलेलं घर म्हणा हवं तर. जागा मालकाची, पण विटा तुमच्या. कान्टने भेट आणि मुक्काम वेगळे केले. बारा वर्षं वाढवत नेलेली भेट मुक्काम होते की नाही, यावर त्याच्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही पक्कं उत्तर नाही, पण कल कुठे आहे ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

आता घरचं थोडं सांगतो. सांगायचं की नाही यावर बराच विचार केला, पण त्याशिवाय शिक्का आणि मुक्काम यांतला फरक नीट कळायचा नाही.

२०२१ च्या एप्रिलअखेरीस आमची पत्नी कोरोनाने आजारी पडली. सुरतेला नेलं. आपल्याकडचे बहुतेक लोक सुरतेलाच जातात. मुलीला कळवलं. तिचा मुक्काम कायदेशीर, कागद पक्के, पण पासपोर्टावरचा शिक्का दोन वर्षांपूर्वी संपलेला. त्या ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली. बंदीला अपवाद होते. अल्पवयीन अमेरिकन नागरिकाचे आईवडील अपवादात बसत, आणि आमचा नातू तिथेच जन्मल्यामुळे तिथला नागरिक. म्हणजे बंदीतून ती सुटत होती. अडकत होती ती शिक्क्यात. भारतातल्या वकिलातींनी नेहमीच्या मुलाखती रद्द केल्या होत्या, पुन्हा कधी सुरू होतील ते कुणाला सांगता येत नव्हतं. इकडे आली असती तर आईला भेटली असती, पण परत जाणं कधी, सहा महिन्यांनी की वर्षाने, ठाऊक नाही. नोकरी जाणार. नोकरीवर मुक्काम, मुक्कामावर रांग, रांगेवर नवरा आणि घर.

तिने फोनवर विचारलं, "बाबा, येऊ का?"

आम्ही 'येऊ नको' म्हटलं. आम्हीच म्हटलं, तिने नाही. नीतिशास्त्र शिकवताना कर्तव्यांच्या संघर्षाची उदाहरणं फळ्यावर खूप लिहिली होती, त्यातलं एकही तेव्हा आठवलं नाही. रांगेतली आठ वर्षं आठवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नी गेली. मुलीने ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. ती आम्हाला कधी काही बोलली नाही. कोणाला दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही, साथ होती, सगळं जग बंद होतं. पण पासपोर्टावर एक शिक्का ताजा असता तर निदान 'येऊ का' हा प्रश्न तिला आम्हाला विचारावा लागला नसता. म्हणून आम्ही आता भेटेल त्या मुलाला सांगतो, मधे कधी सवड मिळाली, परिस्थिती शांत असली, की शिक्का ताजा करून ठेवा. लग्नकार्याची वाट बघू नका.

असो. कागदांकडे वळू.

तिकडच्या रांगेत सगळ्यात आधी मागतात तो जन्माचा दाखला. इथे आपल्या तालुक्यातल्या लोकांची खरी पंचाईत होते. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आपल्याकडे लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. पण कायदा लागू झाला म्हणजे पाड्यावरची सुईण ग्रामपंचायतीत गेली असं नाही. आमच्या एका विद्यार्थ्याचा जन्म १९७९ चा, घरीच झालेला, नोंद नाही. तो शाळेत गेला तेव्हा गुरुजींनी पोराकडे बघितलं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहिलं, आणि तारीख लिहिली १ जून. या सभागृहात एक जूनवाले किती आहेत, हात वर करा बरं! बघा. अर्धं सभागृह एकाच दिवशी जन्मलं. जूनमध्ये शाळा उघडते, सहा वर्षं पूर्ण दाखवायची असतात, म्हणून गुरुजींनी सोयीने लिहिलेली ही तारीख. ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली, तिथून पासपोर्टावर, तिथून अमेरिकेच्या अर्जावर. त्याची आई अजून म्हणते, "हा होळीच्या आधी झाला." आईचं खरं की दाखल्याचं?

तर्कशास्त्रात सत्याच्या दोन व्याख्या आम्ही शिकवत असू. एक म्हणजे, विधान वस्तुस्थितीशी जुळलं तर सत्य. दुसरी म्हणजे, विधान इतर विधानांशी सुसंगत असलं तर सत्य. मुलं नेहमी पहिलीच्या बाजूने असत, दुसरी त्यांना पळवाट वाटे. पण जगातली सगळी कचेऱ्यांची व्यवस्था दुसऱ्या व्याख्येवर चालते. तिकडच्या अधिकाऱ्याला होळीच्या आधीचा तो दिवस दिसणार नाही, त्याला चार कागद दिसतात. चारही १ जून म्हणत असतील तर १ जून खरा. तीन म्हणतायत आणि एक म्हणत नाही, तर माणूसच संशयित. हे आम्ही चेष्टेने सांगत नाही. यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. जुनी चूक सगळीकडे एकसारखी असेल आणि तिच्यामुळे कुणाचं नुकसान होत नसेल, तर एकाच कागदावर ती दुरुस्त करायला जाऊ नका. आणि खोटा दाखला तर मुळीच करवून आणू नका. एजंट सुचवतात. तिकडे खोटा कागद सापडला तर आयुष्यभराची बंदी येऊ शकते.

मग नोंद नसेल तर काय? दोन वाटा आहेत. एक म्हणजे उशिराची नोंद. एकवीस दिवसांत नोंदवायचं असतं. वर्ष उलटून गेलं तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलंय. दुसरी वाट, जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. अमेरिकेचं ग्रीनकार्डाचं खातं असा दुय्यम पुरावा विचारात घेतं. म्हणून आमची विनंती आहे की आजी, मावशी, थोरले काका हयात आहेत तोवर ही प्रतिज्ञापत्रं करून घ्या. जन्म पाहिलेला माणूस राहिला नाही की तो पुरावा कायमचा जातो. दाखल्यावर बाळाचं नाव नसेल, नुसतं 'मुलगा' असं असेल, तर तेही बघून घ्या. नाव घालायला कायद्याने पंधरा वर्षांची मुदत दिलेली आहे.

नावांचं तर विचारूच नका. वळवी, वसावे ही आपली नावं इंग्रजीत एक भाऊ व्ही ने लिहितो, दुसरा डब्ल्यू ने. सख्खे भाऊ कागदावर परके. आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तिकडे उलटं. पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं नाव जातं आडनावाच्या जागी, आणि नावाच्या जागी येतात तीन अक्षरं, ज्यांचा अर्थ 'पहिलं नाव अज्ञात'. आईबापांनी बारसं करून ठेवलेलं, आणि नाव अज्ञात! दुबईकडे तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून एकाच नावाच्या पासपोर्टावर भेटीच्या व्हिसाने जाता येत नाही. आपल्या आदिवासी भागातल्या काही जुन्या माणसांच्या कागदांवर एकच नाव असतं. नातवंडांनी भेटीला बोलावण्याआधी ते बघा.

आखाताचा विषय निघालाच आहे तर, दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टावर 'ईसीआर' असतं. म्हणजे सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया धरून अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. हा १९८३ चा कायदा मजुराची फसवणूक होऊ नये म्हणून केला. हेतू चांगला. २०१८ च्या जानेवारीत सरकारने अशांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं ठरवलं होतं, टीका झाली आणि त्याच महिन्यात मागे घेतलं. बरं झालं. संरक्षण द्यायचं तर ते कपाळावर लिहायला कशाला हवं? पण एजंट म्हणेल, "भेटीच्या व्हिसावर जा, परवानगीची कटकट नको," तर त्याला दारातूनच वाटेला लावा. तुम्हाला आता भेट आणि मुक्काम यांतला फरक माहीत आहे.

कागद तिकडे पाठवायचा तर अपोस्टील नावाचा शिक्का लागतो. १९६१ च्या हेग करारातला, भारतात २००५ पासून चालू. आधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. कॅनडा यात २०२४ ला आला. अमिराती या करारात नाहीत, तिथे त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा.

उलट्या दिशेचंही बघा. आमचा नातू सुट्टीत येतो तेव्हा आजोबांच्या घरात तो परदेशी नागरिक असतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, त्यामुळे त्याला पोलिसांत नाव नोंदवावं लागत नाही. ज्यांच्या नातवंडांकडे ते नाही आणि लांबचा व्हिसा आहे, त्यांना १८० दिवसांहून जास्त राहायचं तर नोंदणी लागते, ती जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे आपल्याला नंदुरबारला. परदेशी नागरिक घरी उतरला की चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरायचा, आता ऑनलाइन होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन एकच नवा कायदा आलाय, त्यातही ही जबाबदारी यजमानाची आहे. नातवाला आम्ही हे सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, म्हणजे मी इथे इमिग्रंट?" आम्ही म्हटलं, "नाही रे, तू पाहुणा." मग लक्षात आलं की कायद्याने उत्तर अगदी चोख दिलं होतं.

शेवटचा एक कागद, तो सगळ्यांच्या कामाचा. पत्नीचं निधन सुरतेत झालं, म्हणून मृत्यूचा दाखला सुरतेचा, गुजरातीत आणि इंग्रजीत. दवाखान्याच्या फॉर्मवर कुणीतरी तिकडच्या रीतीने तिच्या नावापुढे आदराने 'बेन' लावलं होतं. तेच दाखल्यावर उतरलं. घर तिच्या नावावर. मुलीने हिश्शाचं हक्कसोडपत्र करण्यासाठी तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं, त्यात आईचं नाव बेनशिवाय. इकडच्या कचेरीत आम्हाला विचारलं, "ह्या आणि त्या एकच कशावरून?" बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हा प्रश्न! पण विचारणाऱ्याचं चुकलं नव्हतं, तो सुसंगतीच शोधत होता. जन्ममृत्यूच्या कायद्यात नोंद दुरुस्तीची सोय आहे, त्यासाठी सुरतेला तीन खेपा झाल्या.

त्या मुखत्यारपत्राबद्दल एवढं ध्यानात ठेवा. परदेशात सही करायची तर तिथल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टील घ्या. कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पाकिटावरचा टपालाचा किंवा कुरिअरचा शिक्का फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते. आम्ही पाकीट फाडून टाकलं होतं, मग कुरिअरवाल्याकडून पावती आणावी लागली.

'बेन' काढून आलेला नवा दाखला आता फायलीत आहे. जुनाही ठेवलाय, कारण मुलीच्या तिकडच्या अर्जात मधल्या काळात तोच गेला होता आणि कधी विचारलं तर दोन्ही दाखवावे लागतील.

बरं, वेळ झाली. समोर बसलेल्या मावशी मघापासून पिशवीतले कागद मांडीवर घेऊन बसल्यात, त्यांचे आधी बघू. मावशी, तो शाळेचा दाखला वर काढा. आणि कुणीतरी तो दिवा जरा इकडे करा.